ज्यांना गाता येत नाही, त्यांचे गाणे



आजचा विषय आहे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना. तिच्यातील विचारांवर प्रत्येक पुण्यतिथीला बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. तिच्या संगीताविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. जाणकारांना ती फार साधी वाटते, तर रोज म्हणणाऱ्यांच्या अंगवळणी ती इतकी पडलेली असते की आपण काहीतरी गातो आहोत हेही त्यांच्या ध्यानात येत नाही. हा साधेपणा विचारपूर्वक घडवलेला आहे. विसाव्या शतकातल्या धार्मिक समूहगानाचा तो एक फार मोठा प्रयोग आहे. तो विदर्भाच्या मातीत झाला आणि आजही रोज संध्याकाळी गावोगाव चालू आहे.

आधी वरवट बकालच्या या परिसरातल्या कानांचा विचार करू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला शेगावची वाट आणि भोवती खारपाणपट्टा, अशा या भागात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर तीन प्रकारचे समूहगान पडते.

पहिले वारकरी भजन. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या, मध्ये विणेकरी, बाजूला मृदंग. एक जण चरण घेतो आणि बाकीचे ध्रुपद उचलून धरतात. चरण म्हणणारा चाल बदलतो, वरच्या सुराला जातो, लय चढवतो. मृदंग त्याला उत्तर देतो. या गाण्यात मेहनत आहे, परंपरा आहे, चालींचा मोठा साठा आहे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा देऊन ही परंपरा जपली, आणि शेगावच्या पालखीतली शिस्तबद्ध पावली पाहायला पंढरपूरच्या वाटेवर लोक थांबतात.

दुसरे पारायण. दासगणू महाराजांनी १९३९ साली ‘श्रीगजानन विजय’ हा २१ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. त्याच्या सामूहिक पारायणाला शेकडो माणसे एकाच मंडपात बसून वाचतात. प्रत्येकाची गती निराळी, श्वास निराळा, सूरही निराळा. सगळ्यांचे मिळून एक गुंजन तयार होते. मंडपाबाहेरून ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखे ऐकू येते.

तिसरी सामुदायिक प्रार्थना. इथे चरण घेणारा पुढारी नाही, समोर ऐकणारा श्रोताही नाही. सगळे एकाच वेळी तेच शब्द, तोच सूर, तीच लय म्हणतात. भजनात मेहनत घेतलेला गळा पुढे येतो आणि पारायणात प्रत्येक जण आपल्या पोथीत असतो. प्रार्थनेत मात्र ज्याला गाता येते आणि ज्याला येत नाही, ते दोघे शेजारी बसून एकच काम करतात. या एका अटीतून तिचे सारे संगीत जन्माला आले आहे.

अशी प्रार्थना एकाएकी उगवली नाही. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला आणि डॉ. आत्माराम पांडुरंग, न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी साप्ताहिक उपासनेला एकत्र जमू लागली. मूर्ती नाही, पुरोहित नाही. प्रवचन आणि पदे. तुकोबांच्या अभंगांना तिथे नवे घर मिळाले, पण ती उपासना शहरातल्या शिकलेल्या माणसांपुरती राहिली. पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मराठी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग-ओवीच्या वळणाची गीते लिहिली. इंग्रजी चालींत अवघडलेली मराठी प्रार्थना त्यांच्यामुळे आपल्या चालीने चालू लागली.

तिसरा धागा संगीताच्या घराण्यातून आला. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे १९१८ साली साबरमती आश्रमात गेले. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेचे गाणे त्यांनी बसवले, ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेतही ते चालले. रागदारी शिकलेला हा गवई आश्रमातल्या कार्यकर्त्यांना, मुलांना आणि कधीही न गायलेल्या माणसांना एका सुरात आणण्यासाठी वर्षानुवर्षे झटत राहिला. पंडितांनी केलेली समूहगानाची ती सेवा मराठी माणसाने विसरू नये अशी आहे.

आता विदर्भाकडे येऊ. माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली इथे झाला. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना ‘तुकड्या’ हे नाव दिले आणि पुढे हजारो भजनांच्या शेवटी ‘तुकड्यादास’ ही मुद्रा उमटत राहिली. शाळा थोडी, भ्रमंती फार, हातात खंजिरी. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात सुमारे महिनाभर राहिले. आश्रमाची शिस्तबद्ध प्रार्थना त्यांनी तिथे जवळून पाहिली.

त्याच काळात विदर्भात आणखी एक मोठा आवाज घुमत होता. गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि हजारोंचा जमाव उत्तर देई. मध्येच गोपाळाची धून सुरू होई आणि सारा जमाव तिच्यात ओढला जाई. म्हणजे जमावाचा गायकवृंद करण्याची कला गाडगेबाबांना अवगत होतीच. पण ती बाबांच्या उपस्थितीवर अवलंबून होती. बाबा पुढच्या गावी गेले की वृंद पांगत असे. तुकडोजी महाराजांनी ओळखले की संत गावात रोज असणार नाही, गाव मात्र रोज असणार. म्हणून ठरलेली वेळ, ठरलेले शब्द, ठरलेली चाल आणि ठरलेली बैठक अशी एक चौकट त्यांनी गावाच्या हाती दिली. १९५५ च्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आहेत. शेती, आरोग्य, सफाई, शिक्षण अशा विषयांच्या बरोबरीने त्यांत सामुदायिक प्रार्थनेला स्वतंत्र अध्याय मिळाला आहे. पहाटे ध्यान, नंतर गावातून रामधून आणि सफाई, संध्याकाळी प्रार्थना. त्यांच्या दृष्टीने ही एकाच दिवसाची कामे होती.

प्रार्थनेची बैठक आधी पाहावी, कारण तिचे संगीत तिथूनच सुरू होते. सरळ रांगा, ताठ कणा, मिटलेले डोळे. समोर मूर्तीऐवजी अधिष्ठान, म्हणजे मोकळे आसन. आरती ओवाळणे नाही, घंटा हलवणे नाही, पुढे-मागे होणे नाही. डोळ्यांना काही काम उरले नाही की कान जागे होतात. शेजारचा कोणत्या सुरात आहे, मागची रांग पुढे धावते आहे की रेंगाळते आहे, हे ऐकू येऊ लागते. गायनवर्गात आधी आवाज काढायला शिकवतात. इथे आधी ऐकायला शिकवले जाते.

मग शब्दांची बांधणी. प्रार्थनेत एक प्रसिद्ध हिंदी पद आहे, गुरुदेवांकडे साऱ्या संसाराच्या सुखाची मागणी करणारे. त्याच्या ओळीच्या मात्रा मोजून पाहाव्यात. एका ओळीत २८ मात्रा आणि त्यांचे सात-सातचे चार गट. प्रत्येक गटात आधी दोन गुरू, मग एक लघू, मग पुन्हा गुरू: गा-गा-ल-गा. हा हरिगीतिका छंद. तुलसीदासांनी रामचरितमानसात तो ठिकठिकाणी योजला आहे. आता प्रार्थनेनंतरच्या राष्ट्रवंदनेची ओळ घ्यावी. तिथेही २८ मात्राच, पण वाटणी १६ आणि १२ अशी, आणि शेवटी दोन गुरू. हा सार छंदाचा घाट.

मात्रा दोन्हीकडे तेवढ्याच, चाल मात्र अगदी निराळी. सातच्या गटात एक लघू मध्ये आल्यामुळे ओळ किंचित झोके घेते. पाळण्यासारखी ती मनाला शांत करत नेते. १६ आणि १२ ची ओळ चार-चारच्या पावलांनी चालते. आठ मात्रांच्या केहरव्यात ती बसवली तर १६ मात्रांची दोन आवर्तने होतात. उरलेल्या १२ मात्रांचा शेवटचा स्वर चार मात्रांनी लांबवला की आणखी दोन आवर्तने भरतात. त्या लांबवलेल्या स्वरातच समूह श्वास घेतो. सातचा गट केहरव्यात घ्यायचा तर शेवटचा गुरू एका मात्रेने ओढावा लागतो, आणि प्रत्येक गटाच्या शेवटी अर्धा श्वास आपोआप मिळतो. वयस्क माणसाला किंवा दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला हा श्वास फार महत्त्वाचा. कोणीही ताल न शिकता अचूक तालात राहतो, कारण ताल शब्दांतच विणलेला आहे.

स्वरांचेही तसेच. चाल मध्य सप्तकात राहते, उड्या मारत नाही, एका सुरावरून शेजारच्या सुरावर जाते. ताना नाहीत, मुरक्या नाहीत. मुरकी घेणारा समूहातून एकटाच पुढे निघून जातो आणि त्याच क्षणी प्रार्थना त्याची मैफल होऊन बसते. म्हणून चालीने त्याला तशी जागाच ठेवलेली नाही. तरीही शंभर माणसे एकच सूर म्हणतात तेव्हा तो शंभर ठिकाणी किंचित हलतो. पुरुषांचा सूर खाली, बायकांचा आणि लेकरांचा वर, कुणाचा थोडा चढलेला, कुणाचा पडलेला. या सगळ्यांच्या मिसळण्याने त्या एका सुराला जी जाडी येते, ती एकट्या गवयाच्या गळ्यात येऊ शकत नाही. बेसूर गळाही तिथे खटकत नाही. भोवतालचे आवाज त्याला सांभाळून घेतात. आणि काही महिन्यांनी तोच गळा पुष्कळसा सुरात आलेला असतो. गावातल्या अनेक भजनी माणसांचे पहिले गायन शिक्षण असे प्रार्थनेच्या रांगेत झाले आहे.

प्रार्थनेनंतर भजन, आणि भजनाला खंजिरी. हे वाद्य जरा हातात घेऊन पाहावे. लाकडाचे वीतभर व्यासाचे कडे, एका बाजूला ताणलेले कातडे, कड्याच्या खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या. डाव्या हाताने धरायची, उजव्या हाताची बोटे आणि तळवा मारायचा. कातडे ढिले पडले तर शेकून घ्यायचे, फार ताणले तर पाण्याचा हात फिरवायचा. एकाच वाद्यात ठेकाही मिळतो आणि झांजेची किणकिणही. मृदंग वाहून न्यायला माणूस लागतो, तबल्याला जोडी आणि बैठक लागते. खंजिरी झोळीत मावते आणि उभ्या उभ्या वाजते. गावोगाव पायी हिंडणाऱ्या संताने ती निवडली यात नवल नाही. १९५५ साली ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हाही भजन आणि खंजिरी त्यांच्याबरोबरच होती. आज विदर्भात खंजिरी भजनाच्या स्पर्धा भरतात, आणि शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून या वाद्याचा केवढा विस्तार होऊ शकतो हे दाखवून दिले आहे.

या संगीतात केवढे बळ होते, ते १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरने पाहिले. महाराजांच्या भजनांनी तिथला गाव पेटून उठला, १६ ऑगस्टला उद्रेक झाला आणि पुढे सरकारने महाराजांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. इंग्रज सरकारला खंजिरीची भीती वाटली, हे विनाकारण नव्हते. एकत्र गाणारी माणसे एकत्र श्वास घेतात, आणि एकत्र श्वास घेणाऱ्यांची भीती एकट्या-एकट्याच्या भीतीपेक्षा लवकर सरते.

हिंदीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. यावलीचा, घरी वऱ्हाडी बोलणारा संत हिंदीत इतके का लिहितो? त्या काळी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेले होते. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. नागपूर, रायपूर, जबलपूर एकाच प्रांतात होती, आणि बाजारात, रेल्वेत, कचेरीत हिंदी रोज कानावर पडत होती. महाराजांची हिंदी ही पुस्तकी नाही. ती वऱ्हाडी जिभेवर सहज वळणारी, मोठ्या दीर्घ स्वरांची हिंदी आहे. समूहगानाला असे मोकळे दीर्घ स्वर सोयीचे पडतात, कारण शंभर तोंडे जोडाक्षरांवर अडखळतात आणि ‘आ’-‘ओ’वर एकत्र येतात. मराठी भजनांतही त्यांनी हेच धोरण ठेवले.

हाच साधेपणा आणखी कोणी शोधला हे पाहायला आता थोडे दूर जाऊ, एस्टोनियात. बाल्टिक समुद्राकाठच्या या छोट्या देशात आर्वो पैर्त नावाचा संगीतकार आहे. त्याचा जन्म १९३५ चा, म्हणजे गुरुकुंजाच्या स्थापनेच्या वर्षाचा. सोव्हिएत राजवटीत १९६८ मध्ये त्याने ‘क्रेडो’ ही उघडपणे धार्मिक समूहरचना केली आणि सत्तेचा रोष ओढवून घेतला. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षे त्याने फार थोडे लिहिले. जुन्या चर्चमधले एकसुरी गायन तो अभ्यासत राहिला, आणि १९७६ मध्ये नवी शैली घेऊन आला. तिचे नाव ‘तिंतिनाबुली’, म्हणजे छोट्या घंटांचा नाद. तिची रचना अशी: एक आवाज शेजारच्या सुरांवरून पायरी-पायरीने चालतो, दुसरा आवाज त्याच्याबरोबर राहतो पण एकाच संघातल्या तीन सुरांपलीकडे जात नाही. ऐकणाऱ्याला आपल्या तंबोऱ्याची आठवण यावी, असे ते आहे. १९८२ मध्ये त्याने ‘पासिओ’ पूर्ण केले: योहानाच्या शुभवर्तमानातली येशूच्या यातनांची कथा, लॅटिनमध्ये, सुमारे ७० मिनिटांची. त्यात स्वर किती लांबवायचा हे शब्द आणि विरामचिन्हे ठरवतात.

हा सिद्धहस्त संगीतकार अर्धे आयुष्य गुंतागुंतीचे लिहून साधेपणाकडे आला, आणि साधेपणाकडे येताना त्याने शब्दाला मालक केले. तुकडोजी महाराज तिथे दुसऱ्या वाटेने पोचले, तेही त्याच्या आधी. दोघांत एक मोठा फरक आहे. पैर्तचे समूहगान प्रशिक्षित गायकवृंदाशिवाय उभे राहत नाही. एक सूर हलला तरी सारी इमारत हलते. विदर्भातल्या प्रार्थनेने ही इमारत अशा रीतीने बांधली की तिच्यात गावातल्या कोणाही माणसाला वीट होता येते. जगाच्या आधुनिक धार्मिक संगीताचा इतिहास लिहिताना पैर्तच्या शेजारी मोझरीचे नाव यायला हवे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. दर वर्षी आश्विनातल्या पुण्यतिथीला गुरुकुंजात लाखो माणसे जमतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, सारी गर्दी उभी राहते आणि दोन मिनिटे मौन पाळते. लाखो माणसांची शांतता कशी असते, हे तिथे उभे राहिल्यावरच कळते. लहान मूल रडते, कुठे कापडी फलक फडफडतो, आणि त्यापलीकडे काहीच नाही. त्यानंतर प्रार्थना सुरू होते तेव्हा पहिला सूर कुठून आला हे सांगता येत नाही. संगीतात विरामाला स्वराइतकीच किंमत असते असे गवई सांगतात. एवढ्या मोठ्या वृंदाचा एवढा काटेकोर विराम दुसऱ्या एखाद्या रचनेत क्वचितच असेल.

मात्र गावोगावच्या प्रार्थनेवर आज एक संकट आहे, आणि ते श्रद्धेच्या अभावातून आलेले नाही. संध्याकाळ झाली की कर्ण्यावर ध्वनिमुद्रित प्रार्थना लागते. आवाज सुरेल, साथ उत्तम, उच्चार शुद्ध. माणसे मनोभावे ऐकतात, ओठ हलवतात आणि घरी जातात. हळूहळू रांगेतला आवाज कमी होतो, कारण यंत्राच्या आवाजापुढे आपला गळा नकोसा वाटू लागतो. जी प्रार्थना सर्वांना गाते करण्यासाठी रचली, ती सर्वांना श्रोते करू लागते. दुसरे संकट उत्साहाचे. तरुण पेटीवाला जोशात काळी चारचा सूर धरतो, पहिले कडवे दणदणीत होते, आणि दुसऱ्या कडव्याला सगळी म्हातारी माणसे गप्प झालेली असतात.

उपाय अवघड नाहीत. ध्वनिमुद्रित प्रार्थना घरी शिकण्यासाठी ठेवावी, रांगेत बसल्यावर ती बंद असावी. पट्टी खालची धरावी. वरचा सूर सर्वांत वयस्कर माणसाच्या गळ्यावर बेतावा. लय मागच्या रांगेने ठरवावी. शाळेतल्या मुलांना चालीबरोबर मात्रा मोजायला शिकवाव्यात, म्हणजे त्यांना छंदही कळेल आणि तालही. खंजिरी कशी शेकायची, चकत्या कशा बदलायच्या, हे जाणणाऱ्या हातांनी दोन-दोन मुले हाताखाली घ्यावीत. आणि ज्याला ‘तुझा गळा नाही’ म्हणून कुठल्या ना कुठल्या वर्गात गप्प बसवले गेले, त्याला आवर्जून पुढच्या रांगेत बसवावे.

आज सभा संपल्यावर इथेच प्रार्थना व्हावी, अशी विनंती आहे. कर्णा बंद असेल. पेटीवाल्याने काळी एकचा षड्ज धरून थोडा वेळ तसाच राहावा, कोपऱ्यात बसलेल्या आजीबाईंना तो सापडेपर्यंत, आणि मगच पहिला शब्द यावा.